चंपतरावांनी घरी बदललेला पंप

चंपतराव भोयरांना राग येत नसे. राग त्यांच्याकडे मुक्कामाला येत असे. सख्ख्या भावाशी त्यांचं एका बैलजोडीवरून बिनसलं होतं. बैल म्हातारे होऊन मेले, भाऊ आजारी पडून बरा झाला, पण चंपतरावांचा अबोला ठणठणीत होता. "मी विसरत नाही," असं ते सांगत, आणि एखादा माणूस "मी कोणाचं फुकट खात नाही" हे ज्या तोऱ्यात सांगतो त्याच तोऱ्यात सांगत.

बाकी माणूस लाखात एक. सरकी-ढेपेचा धंदा होता. नागपूरच्या गवळ्यांच्या गोठ्यांवर ढेपेची पोती पोचवायची आणि दुपारी घरी येऊन भाकरी खायची, असा सरळ दिनक्रम. प्रताप नगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. त्यातल्या एकावर त्यांचं बैठं घर, अंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली त्यांची पिकअप. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. तिला त्यांनी निळा रंग दिला होता, पण कुठे खरचटलं की आतून हिरवा सैनिक डोकावायचा. घरात बायको सुभद्राबाई, आणि एकुलती एक गोपिका, जी अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात लग्न होऊन कळमेश्वरला गेली. त्या लग्नातच चंपतरावांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा राग मुक्कामाला आला.

व्याही होते भैयाजी गायधने. कळमेश्वरातले ठेकेदार. चार ट्रक, मोठं घर आणि त्याहून मोठं तोंड. लग्नाला वऱ्हाड नागपुरात उतरलं, नवरदेव रिवाजाप्रमाणे मारुतीच्या देवळात बसला, आणि तिथून त्याला मांडवात आणायला चंपतरावांनी स्वतःची पिकअप सजवून नेली. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, मागे गादी घातलेल्या दोन खुर्च्या. वेळ भर दुपारची. पुढे बँड, बँडच्या पुढे भैयाजींची नाचणारी मंडळी. ही मंडळी चार पावलं पुढे जायची आणि तीन मागे यायची. पिकअप बिचारी मुंगीच्या चालीने त्यांच्या मागे. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

चंपतरावांनी चावी फिरवली, हँडल मारलं, शिव्या दिल्या. गाडी ढिम्म हलेना. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पंपावर ओलं फडकं टाका ना, होते चालू." नागपूरच्या उन्हाळ्यात हा उपाय शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वारा ओढत बसतो. पण चंपतरावांच्या डोक्यावर फेटा होता, अंगावर कोट होता आणि समोर सगळं वऱ्हाड होतं.

"माह्या गाडीले पोतेरं बांधाची पाळी नाई आली अजून!" ते ओरडले.

मग नवरदेव खाली उतरला आणि तापल्या रस्त्यावरून मांडवापर्यंत पायी गेला. तेव्हा भैयाजींनी बँड थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "इवाई, तुमची गाडी अन् तुमची ऐपत, दोन्ही मारुतीच्या देवळापर्यंतच चालते गा!"

वऱ्हाड हसलं. बँडवाले हसले. ज्याने पिपाणी तोंडाला लावली होती तो हसताना पिपाणीतून जो आवाज निघाला, तो चंपतरावांना पुढची दोन वर्षं झोपेत ऐकू येत होता.

एवढ्यावर निभावलं असतं तर गोष्ट वेगळी. पण त्या वाक्याने कळमेश्वरात घर केलं. भाजीत मीठ कमी पडलं की सासू म्हणे, "मारुतीच्या देवळापर्यंतच!" गोपिकाने सडा अर्धवट टाकला की सासरा हसून तेच म्हणे. पोरीने हे बापाला कधी सांगितलं नाही. दिवाळीला आली तेव्हा चुलीपाशी आईला सांगत होती, आणि नेमके चंपतराव पाणी प्यायला आत आले. ते पाणी न पिताच परत फिरले. अंगणात जाऊन पिकअपच्या चाकाला त्यांनी अशी लाथ मारली की आठ दिवस लंगडत होते.

"त्याचं थोबाड फोडल्याबिगर मी मरत नाई," ते रात्री म्हणाले.

"पोरगी त्याच्या घरात नांदून राहिली," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमी थोबाड फोडान, अन् तो राग काढंन कोनावर?"

हे चंपतरावांना कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर दोन वर्षं ते गप्प होते. पण गप्प म्हणजे वरून. आत भट्टी चालूच होती. सकाळी अंघोळ करताना ते भैयाजींना द्यायच्या उत्तरांची तालीम करत. तांब्याने पाणी ओतायचं, एक टोमणा म्हणायचा, पसंत पडला नाही की पुन्हा तांब्या. विहिरीचं पाणी संपेल, पण टोमणा जमेना. कारण भैयाजींच्या वाक्याला एकच उत्तर होतं: त्यांच्या दारात जाऊन दणदणीत चालणारी पिकअप. आणि पिकअप तर दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे बसायची. चंपतरावांनी मनाशी निदान केलं होतं, पंप खराब आहे. गॅरेजवाल्यांनी दोनदा उघडून, पुसून परत बसवला आणि धड आहे म्हणून सांगितलं. त्यावर चंपतरावांचा विश्वास नव्हता. नागपुरातले अर्धे मिस्त्री भैयाजींच्या ट्रकांवर पोट भरतात आणि मुद्दाम आपल्याला फसवतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. रागावलेल्या माणसाला पुराव्याची गरज नसते.

ऐंशी साली ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना! या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, अनारशांचं ताट द्यायचं. मुलीच्या बापाने स्वतः जाऊन आणायचं, असा चंपतरावांच्या घरचा रिवाज. चंपतराव आनंदाने उडालेच. त्यांच्या मनाने दोन वर्षं जी वाट पाहिली ती हीच. कळमेश्वरात जायचं, भैयाजींच्या दारात पिकअप उभी करायची, आणि त्यांच्या नाकावर टिच्चून मुलगी-जावई घेऊन यायचं. पण त्याआधी पंप बदलायचा, घरी, स्वतःच्या हाताने, म्हणजे कोणा मिस्त्र्याचं उपकाराचं बोट त्याला लागायला नको.

दुकानातून नवा पंप आणला. कडुनिंबाखाली गोणपाट अंथरलं. सुभद्राबाईंनी आधी चूल विझवली, मग नवऱ्याच्या खिशातली बिडी-काडी काढून घेतली. पेट्रोलशी खेळ होता.

"गाडी तुमची, पन घर माहं हाय," त्या म्हणाल्या.

टाकीकडून येणारी नळी सोडवली तसं पेट्रोल गळू लागलं. चंपतरावांनी धुण्याच्या साबणाचा गोळा त्या तोंडात दाबून बसवला. मग इंजिनाच्या अंगाला पंप धरून ठेवणारे दोन बोल्ट. एक मुकाट्याने सुटला. दुसरा गंजलेला. त्या दुसऱ्या बोल्टला चंपतरावांनी "भैयाजी" म्हणायला सुरुवात केली आणि काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पान्याला नळाचा तुकडा लावून जोर केला तेव्हा भैयाजी करकरत वळले.

जुना पंप हातात आला. चंपतरावांनी तो तिथेच उघडला, म्हणजे गुन्हेगाराचं तोंड तरी पाहावं. आतला रबरी पडदा सुभद्राबाईंनी उचलून उन्हात धरला, बोटाने ताणून पाहिला.

"अवो, हा त धड हाय. कुठंच फाटला नाई."

"तुले काय समजते वं त्यातलं?"

"फाटलेलं समजते. लुगडी शिवतो मी."

चंपतरावांनी पडदा तिच्या हातातून घेतला. त्यांनाही दिसलं. चांगला मऊ, अखंड पडदा. स्प्रिंगही ताठ. क्षणभर त्यांच्या मनात आलं, पंप ठीक होता तर गाडी बंद काहून पडली? पण हा प्रश्न फार गैरसोयीचा होता. त्याचं उत्तर शोधत बसलं असतं तर दोन वर्षांचा राग कुठे ठेवायचा? त्यांनी पडदा भिरकावला आणि म्हणाले, "आतून गेला असंन."

नवा पंप बसवताना घोडं अडलं. पंपाचा दांडा इंजिनाच्या पोटात जाऊन कॅमला, म्हणजे एका बाजूने फुगीर फिरत्या चकतीला, टेकावा लागतो. तो कॅमचा उंचवटा नेमका समोर होता, म्हणून पंप भिंतीला भिडेना आणि बोल्टचा आटा धरेना. चंपतरावांनी रागाने दाबून पाहिलं. मग गॅरेजात पाहिलेलं आठवलं. चावी बंद आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं आणि सुभद्राबाईंना पुढे हँडल फिरवायला उभं केलं.

"हळू. अजून. अजून थोडं. बस, बस!"

पदर खोचून, दात-ओठ खाऊन सुभद्राबाई इंजिन फिरवत होत्या आणि खाली चंपतराव दांड्याचा दाब बोटाने चाचपत होते. दाब कमी झाला तसा पंप बसला, दोन्ही बोल्ट हाताने गेले. मग त्यांनी आवळले, साबण काढून नळी जोडली, चावी मारली. थोडा खोकून पिकअप सुरू झाली. चंपतरावांनी काळ्या हातांनी बायकोचे दोन्ही दंड धरले. इतकं हसताना त्यांना सुभद्राबाईंनी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

"आता पाहा त्या कळमेश्वरवाल्याचं तोंड!"

"तोंड पाहाले जाऊन राहिले का पोरीले आनाले?" सुभद्राबाईंनी विचारलं. चंपतराव हात धुवायला निघून गेले.

धोंड्याच्या दिवशी सकाळीच ते कळमेश्वरला पोचले. मागे गादी, गादीवर नवी चादर. भैयाजींच्या दारात मुद्दाम दोनदा हॉर्न दिला. भैयाजी बाहेर आले, पिकअपकडे पाहिलं, आणि आतून एक नवी कोरी जीप बाहेर काढायला लावली.

"तुमच्या गाडीत पोट्टेयले कुठं बसवता, इवाई? विष्णू पायी न्या लागंन. मी पोचवतो माह्या जीपमधी."

टोमणा तोच, फक्त आता नवा कपडा घालून आला होता. आधी चहा, मग पोहे, मग जीप किती वेगाने पळते त्याचं पुराण. तोवर जीपचं इंजिन दारात चालूच, म्हणजे शेजारपाजाऱ्यांनी ऐकावं. निघेपर्यंत ऊन माथ्यावर आलं. जीपमध्ये भैयाजी, जावई मनोहर आणि मागे गोपिका. चंपतराव मागून रिकाम्या गादीसह. त्या चादरीकडे आरशातून पाहताना त्यांचे दात एकमेकांवर घासत होते. मुलीला बापाच्या गाडीत बसू दिलं नाही! यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

आणि देवाने ऐकलं म्हणा, ज्येष्ठाच्या उन्हाने ऐकलं म्हणा, कळमेश्वरच्या वेशीबाहेर जेमतेम पोचल्यावर जीपने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

चंपतराव पिकअपमधून उतरले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. भैयाजी बॉनेट उघडून घाम पुसत होते.

"पंप गेला वाटते," चंपतराव गोडीने म्हणाले. "मी घरीच बदलतो आता. काई चिंता करू नका. दोर हाय माह्यापाशी. तुमच्या मिस्त्र्याकडंच नेतो."

"राहू द्या, होईन चालू थोड्या वेळानं," भैयाजी म्हणाले.

"उन्हात पोरगी बसली हाय, इवाई. काहून लाजता?"

जावई तयार झाला, म्हणून भैयाजींना नाही म्हणता येईना. ढेपेची पोती बांधायचा दोर चंपतरावांनी जीपला बांधला. प्रत्येक गाठ मारताना त्यांना जो आनंद झाला तो स्वतःच्या लग्नातली गाठ मारतानाही झाला नसेल. गोपिका खाली उतरली. म्हणाली, "बाबा, इथं निंबाखाली थांबू ना थोडं. थंडी होईन गाडी."

"तू बस वं. तुह्या बापाले पाहू दे."

मिस्त्र्याच्या गॅरेजला बाहेरून रस्ता होता. चंपतरावांनी बाजारातला घेतला. त्या दिवशी आठवडी बाजार. कांद्याचे ढीग, मिरचीची पोती, दोन्ही बाजूंना कळमेश्वर आणि आसपासची गावं. त्यातून चंपतरावांनी पिकअप मुंगीच्या पावलाने नेली. घाई कशाला? दर दहा पावलांवर हॉर्न. ओळखीचा दिसला की खिडकीतून मान बाहेर.

"राम राम! हे आमचे इवाई! जीप बंद पडली नं त्यायची, ओढून राहिलो!"

लोक पाहत होते. एक पानवाला दुकानातून उतरून खाली आला. कोणीतरी टाळी दिली, दोघं-चौघं हसले. मागे जीपच्या स्टिअरिंगवर भैयाजी ताठ बसले होते, नजर सरळ समोरच्या दोरावर. आरशात त्यांचं ते पडलेलं तोंड पाहून चंपतरावांच्या छातीत दोन वर्षांचा गोळा लोण्यासारखा विरघळत होता. सुडाला चव असते, आणि ती गोड असते. नाही म्हणणाऱ्यांनी सूड कधी घेतलेला नसतो. त्यांनी वेग आणखी कमी केला. बाजार लवकर संपू नये असं त्यांना वाटत होतं.

मिरचीच्या पोत्यांपाशी पिकअपने आचका दिला.

चंपतरावांचा हात हॉर्नवरच होता. दुसरा आचका. मग शांतता. नवा पंप, स्वतःच्या हाताने बसवलेला, बायकोने हँडल फिरवून बसवलेला. ते खाली उतरले, बॉनेट उघडलं, पंपाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तवा परवडला. आणि तिथे उभ्या-उभ्या त्यांना ते सगळं दिसलं जे कडुनिंबाखाली पाहायचं त्यांनी टाळलं होतं. ऊन, मुंगीची चाल, तापलेलं इंजिन. लग्नातही हेच, आत्ता जीपलाही हेच. पंप कधी खराब नव्हताच.

बाजार आता मोकळेपणाने हसू लागला. एका दोराला बांधलेल्या दोन बंद गाड्या, आणि दोन्हीकडे एकेक व्याही. भैयाजी जीपमधून उतरले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण ते बोलायच्या आत गोपिका उतरली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला. रडत नव्हती. रडली असती तर चंपतरावांना सोपं गेलं असतं.

"मामंजी, बाबा," ती म्हणाली, आवाज न चढवता. "तुमचं दोघायचं फिटलं असंन आता. पन ह्या बजारातून रोज मलेच जा लागते."

मग मनोहरकडे वळून म्हणाली, "चला, घरी जाऊ."

"गोपे," चंपतराव म्हणाले, "धोंडा हाय आज. तुह्या मायनं सैपाक केला."

"मायले सांगा, पोरगी येऊन राहिली व्हती. तुमी आनली नाई."

ती चालू लागली. मनोहर क्षणभर सासऱ्याकडे पाहत राहिला, मग तिच्या मागे गेला. बाजाराने त्यांना वाट दिली, आणि आता कोणी हसत नव्हतं. भैयाजींनी खाली वाकून दोराची गाठ सोडायला घेतली. ओढ बसून ती घट्ट झाली होती. चंपतराव दुसऱ्या बाजूने वाकले. दोघं एका गाठीवर नखं झिजवत राहिले.

पिकअप थंड होऊन सुरू झाली, आणि चंपतराव घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ओसरीपुढे रांगोळी. आत पाट मांडलेला, पाटाभोवती फुलं, निरांजन तयार, अनारशांचं ताट झाकून ठेवलेलं. सुभद्राबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. त्यांनी पिकअपच्या मागे पाहिलं. गादीवरची चादर मोडलेली नव्हती.

"गोपी?"

चंपतरावांनी सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. तेवढा खोटा तो माणूस नव्हता. सांगता-सांगता, बाजारातून जीप कशी ओढली ते आलं तेव्हा, त्यांचा आवाज नकळत थोडा रंगलासुद्धा. पुढे पोरीचं बोलणं आलं तेव्हा उतरला.

सुभद्राबाई ऐकत होत्या. मग त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने हाक आली. चंपतराव हातपाय धुऊन आत गेले तर जावयासाठी मांडलेल्या त्या पाटासमोर ताट वाढलेलं होतं. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, बाजूला अनारसे. निरांजन पेटवलेलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी? इथं?"

"ज्याच्यासाठी सारं केलं, त्यानंच खा. आज मान तुमचाच हाय."

त्यांनी खरंच ओवाळलं. चंपतराव पाटावर बसले. पहिला घास त्यांनी तोंडात घातला, आणि तो कितीतरी वेळ तोंडातच राहिला. आणखी वाढायला म्हणून सुभद्राबाई तुपाची वाटी घेऊन समोर उभ्याच होत्या.